जुन्या गावठाणातले फोटो आणि नवा पडदा

१७ मार्च १९७० रोजी सिडको या शहर विकास महामंडळाची स्थापना होऊन मुंबईच्या खाडीपलीकडच्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबई या नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या, तेव्हा ज्या आगरी-कोळी कुटुंबांची भातशेती आणि मिठागरे गेली, त्यांच्यापाशी जुन्या दिवसांच्या खुणा म्हणून सातबाऱ्याच्या उताऱ्यांखेरीज उरले ते, असलेच तर, लग्नकार्यात काढलेले काही कृष्णधवल फोटो. घरातील तरुण मंडळी आता ते स्कॅन करून इंटरनेटवर मांडतात. परंतु स्कॅनमध्ये रेखीव भासलेले चित्र लहान करताच पुसट का होते, याचा उलगडा सहसा होत नाही.

सहा बाय चार इंचांचा फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने, स्कॅन केला, तर ३६०० बाय २४०० म्हणजे सुमारे ८६ लाख पिक्सेल मिळतात. पडद्याला १२०० पिक्सेलांची रुंदी बहुधा पुरते. म्हणजे दर नऊ पिक्सेलांच्या जागी एकच उरायचा, आणि तो कोणत्या न्यायाने ठरवावा, यातच सारी मेख आहे. अंगणात बांबूवर वाळत घातलेले जाळे घ्या. नवांतला एकच उचलून बाकीचे टाकले, तर वीण तुटून तिच्या जागी मूळ फोटोत कधीच नसलेले नागमोडी पट्टे उमटतात. नवांची सरळ सरासरी काढली, तर धागा आणि मागची भिंत एकमेकांत मिसळून राखी होतात. हंगेरियन गणितज्ञ कॉर्नेलियस लँत्सोश यांच्या नावाची रीत आसपासच्या अधिक पिक्सेलांची दखल घेते, जवळच्यांना अधिक वजन देते आणि काही दूरच्यांचे चक्क वजा करते, म्हणून कडा पुष्कळशा टिकतात. इरफानव्ह्यूसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही ती असते.

तरीही उरणारा मऊपणा घालवण्याची तजवीज आकार कमी केल्यानंतरच करावी. आधी आणलेली धार लहान करताना वाया जाते. त्यासाठीची ‘अनशार्प मास्क’ ही युक्ती संगणकाहून जुनी आहे: निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत तिलाच जोडून डार्करूममध्ये छपाई करीत. लहान केलेल्या चित्राला अर्ध्या पिक्सेलाची त्रिज्या पुरते. दोन-तीनपर्यंत गेलात, की नवरीच्या मुंडावळ्यांभोवती पांढरी कड दिसू लागते. आणि खेदाची गोष्ट अशी, की पुष्कळांना तीच स्पष्टता वाटते!

स्कॅनची अस्सल टिफ प्रत मात्र दफ्तरी जशीच्या तशी ठेवावी, कारण जेपेगवरून पुन्हा जेपेग करताना दर खेपेस काही ना काही गळतेच, आणि उद्या मोठ्या पडद्यासाठी २४०० पिक्सेलांची नक्कल हवी झाली, तर १२०० ची ताणून ती मिळत नाही.