जोडाची कसोटी

देवास नगरीत थोरली पाती व धाकटी पाती असे दोन कारभार नांदत. १९४८ साली दोन्ही पात्या, धारप्रमाणेच, मध्यभारतात विलीन झाल्या. दोन दफ्तरे एक करण्याचा तोच प्रश्न आज आपल्या पेढ्यांवर संगणकरूपाने उभा आहे. बिलाचा प्रोग्रॅम व गोदामाची नोंद स्वतंत्रपणे निर्दोष असतात. परंतु एकात सोयाबीन क्विंटलने व दुसऱ्यात पोत्याने मोजले, तर जोडताच हिशेब बिघडतो आणि ई-वे बिलातील चुकीने मालमोटार वाटेत अडते. म्हणून आम्ही व्यापारी बंधूंस विनवितो: परिमाणे आधी एक करावीत, एकेक दुवा जोडून तपासावा, मग एक बिल विक्रीपासून जीएसटीच्या विवरणापर्यंत नेऊन पाहावे. रोजमेळ खतावणीशी ताडून पाहण्याची आपल्या मुनिमांची शिस्त येथेही तारील.