शिवारातलं पाणी आणि ओट्यावरचा जार

पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण मागे पडलं की डाव्या हाताला उजनीचं पाणी दिसू लागतं आणि डाळजची गावं लागतात, नंबर 1, 2 आणि 3. पुढे पळसदेव. या काठाचा साडेचार दशकांचा मागोवा घ्यायचा तर तो बहुतेक वेळा शेतातून घेतला जातो. किती क्षेत्र भिजलं, ऊस किती वाढला, कारखान्याने काय भाव दिला. घरातून तो क्वचितच कुणी घेतो. घरातून पाहिलं तर वेगळंच चित्र दिसतं. ज्या गावांच्या वेशीशी राज्यातला एक मोठा जलसाठा आहे, तिथल्या ओट्यावर प्यायच्या पाण्यासाठी वीस लिटरचा जार असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की, या काठाला पाणी मिळालं ते पिकासाठी. माणसाच्या पिण्याचा विचार त्या हिशेबात कधी धरलाच गेला नाही आणि आजही तो धरला जात नाही.

उजनीची पायाभरणी 1966 मध्ये झाली आणि 1980 मध्ये धरण पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला साडेत्रेसष्टच्या वर मृतसाठा. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी कालव्याच्या तोंडाखालीच राहतं. भीमाकाठची काळी जमीन, जुनी गावठाणं, पळसनाथाचं मंदिर पाण्याखाली गेलं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी उरलेल्या माळावर मोटारी बसवल्या, पाइपलाइनी टाकल्या आणि ऊस उभा केला. हे कष्टाचं काम आहे. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं तेव्हा शेतकरी चाऱ्या खोदतो, केबल वाढवतो, मोटार ओढत पुन्हा पाण्यापाशी नेतो. 2024 च्या उन्हाळ्यात धरण वजा पातळीत खोल गेलं, पळसनाथाचं मंदिर उघडं पडलं, आणि काठावर अशा चाऱ्यांचं जाळंच दिसत होतं. म्हणून धरणाने या भागाचं वाटोळं केलं असं कुणी म्हणालं तर ते मला मान्य नाही. घरं पक्की झाली, मुलं बारामतीला-पुण्याला शिकायला गेली, ती या पाण्यावरच.

पण त्याच काळात वरच्या बाजूला पुणे आणि पिंपरी-चिंचवड वाढत होतं. मुळा-मुठेत सोडलेलं सांडपाणी दौंड तालुक्यात भीमेला मिळतं आणि वाहतं पाणी थबकतं ते इथे, उजनीच्या फुगवट्यात. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा तवंग धरतो, जलपर्णी साचते. जाळं ओढणारे मच्छीमार सांगतात की पाण्यात उतरलं की अंगाला खाज सुटते. भिगवणच्या मासळी बाजारात चिलापीचे ढीग लागतात आणि मरळ, वाम शोधावी लागते. पुण्यातल्या नदीशुद्धीकरणासाठी जपानच्या मदतीचा प्रकल्प 2016 मध्ये ठरला : अकरा केंद्रं, रोज 396 दशलक्ष लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया. ठरलेली मुदत उलटून गेली, आणि तेवढ्या काळात शहर आणखी वाढलं.

या सगळ्यात 2021 चा वाद मला फार बोलका वाटतो. उजनीतून इंदापूर तालुक्याला 5 टीएमसी पाणी द्यायचं ठरलं आणि सोलापूर जिल्हा पेटून उठला. मे महिन्यात तो आदेश रद्द करावा लागला. ते पाणी कागदावर कोणत्या नावाने मागितलं होतं? पुण्याहून येणारं सांडपाणी म्हणून. दोन जिल्ह्यांतल्या पुढाऱ्यांनी, शेतकरी संघटनांनी आठवडेच्या आठवडे भांडण केलं ते किती टीएमसी आणि कुणाचं, यावरून. इतकं सांडपाणी धरणात येतंच का आणि तेच पाणी सोलापूर शहराने का प्यावं, हा प्रश्न त्या भांडणात मागेच राहिला.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला, पाणी इतकं वाईट असतं तर रोहित पक्षी लांबून कशाला आले असते? पण रोहित उथळ चिखलात शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. पाण्यात पोषकद्रव्यं जास्त झाली की त्याचं खाणं वाढतं. त्याचं येणं हा आनंद जरूर आहे, ते पिण्याच्या पाण्याचं प्रमाणपत्र नव्हे. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे : दोष सगळा पुण्याचाच का? नाहीच. उसाला ओतलेला युरिया आणि कारखान्यांची मळी याच मातीत उतरते. नीरा डाव्या कालव्याला 1885 पासून पाणी आलं, आणि अति पाण्याने जमिनी खारवटतात हे बारामतीच्या पट्ट्याने इंग्रजांच्या काळातच पाहिलं. तो धडा भीमाकाठी कुणी आणला नाही, हा दोष आपला. तिसरा आक्षेप, जारमधलं फिल्टरचं पाणी स्वस्त आहे, मग तक्रार कसली? रोज पाच रुपयांचा एक जार धरला तरी वर्षाला अठराशे रुपये होतात. ऊस असलेल्या घराला ते जाणवत नाहीत. कोयत्यावर आलेल्या मजुराला आणि भूमिहीन घराला जाणवतात, आणि त्यांचं पोर हापशाचं पाणी पितं. शिवाय जार आणायला, भरायला, रिकामा द्यायला बहुतेक ठिकाणी घरातली बाईच लागते. हंडा गेला आणि जार आला, खेप मात्र तिचीच राहिली.

15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाणी नळाने देण्याचा वायदा 2024 साठी केला होता, तो आता 2028 पर्यंत पुढे गेला आहे. नळ येईल. नळातून येणारं पाणी कसं आहे, हे मात्र नळ सांगत नाही. याच योजनेत प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं शिक्षण आणि संच द्यायची तरतूद आहे. पावसाळ्यात उजनी किती टक्के भरलं हे रोज वर्तमानपत्रात छापून येतं, मोबाइलवर फिरतं, आणि साऱ्या काठाला पाठ असतं. तसाच पाण्यात नायट्रेट किती, त्यात जंतू आहेत का, हाही आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. येत्या ग्रामसभेत डाळज, पळसदेव, भिगवणच्या गावकऱ्यांनी, विशेषतः बायांनी, तपासणीची वही मागावी आणि ती सभेत मोठ्याने वाचायला लावावी. वही कोरी निघाली तर तसं इतिवृत्तात लिहून घ्यावं.