पासंग

बडोदेकरांना ‘अलेंबिक’ हा शब्द नवा नाही. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना तो सहज आपल्या तोंडी येतो. या नावाचा औषधांचा कारखाना १९०७ साली निघाला. बडोदा कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि १८९० साली सुरू झालेल्या कलाभवनाचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर, तसेच कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन ही नावे त्याच्या उभारणीशी जोडलेली आहेत. पण अलेंबिक म्हणजे काय, असा प्रश्न आम्ही दरवर्षी अकरावीच्या नव्या वर्गाला विचारतो आणि दरवर्षी वर्ग गप्प बसतो. अलेंबिक हे अर्क काढण्याच्या जुन्या भांड्याचे नाव. अरबांच्या ‘अल्‌ अंबीक’वरून ते युरोपात गेले आणि तेथून फिरून आपल्या गावी आले. रोज उच्चारलेल्या शब्दाचा अर्थ आपण कधी विचारला नाही, एवढेच.

आमचा विषय मराठी. रसायनशास्त्राशी आमचा संबंध मुख्याध्यापक या नात्याने प्रयोगशाळेच्या किल्ल्या सांभाळण्यापुरता. तरी हा लेख लिहिण्यास कारण आहे. आपली मुले घरी मराठी बोलतात, शाळेत गुजरातीत शिकतात आणि पुढे कॉलेजात इंग्रजी पुस्तके उघडतात. या तीन भाषांच्या फटीत पुष्कळ शब्द अर्थावाचून पाठ होतात. त्यांपैकी काहींचा अर्थ तर आपल्या स्वयंपाकघरातच पडलेला असतो.

पदार्थात काय काय आहे हे ओळखणे म्हणजे गुणात्मक पृथक्करण, आणि ते किती आहे हे ठरवणे म्हणजे परिमाणात्मक पृथक्करण. सोनाराच्या कसोटीवर आपल्या आजीने पाटली घासून पाहिली, तेव्हा तिने हे दोन्ही प्रश्न आपल्या परीने विचारलेच होते. परीक्षानळीला गुजरातीत ‘कसनळी’ म्हणतात, म्हणजे कस पाहण्याची नळी. आम्हांस हा शब्द फार आवडतो. प्रयोगशाळेतील मूस सोनाराकडची आणि खलबत्ता वैद्याकडचा. द्रावणात दुसरे द्रावण मिसळल्यावर जो न विरघळणारा पदार्थ तळाशी बसतो, त्याला क्रमिक पुस्तके अवक्षेप म्हणतात. जुन्या मराठी पुस्तकांत त्याला ‘साका’ असा सुटसुटीत शब्द आहे.

दर्शकाचेही तसेच. आम्ल आहे की अल्क, हे रंग बदलून सांगणारा पदार्थ म्हणजे दर्शक. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावताच तो लाल होतो, हे कोणत्या गृहिणीने पाहिलेले नाही? साबण अल्कधर्मी असतो. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे. त्या लाल डागावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा रंग दिसतो. मुलाला हे एकदा घरी करून दाखवावे. मग फिनॉल्फ्थॅलीन हे अवजड नाव त्याला परके वाटणार नाही. ते आम्लात रंगहीन असते आणि अल्कात गुलाबी होते.

आता ज्या प्रयोगापाशी मुले प्रथम अडखळतात, त्या अनुमापनाकडे येऊ. एका द्रावणाची तीव्रता ठाऊक आहे, दुसऱ्याची ठाऊक नाही. पहिले मोजून घ्यायचे आणि दुसरे थेंबाथेंबाने त्यात सोडायचे. दर्शकाचा रंग पालटला की थांबायचे. तो अंतिम बिंदू. किती द्रावण खर्ची पडले यावरून अज्ञात तीव्रता काढायची. यासाठी भांडी तीन. तोटी असलेली, अंशांच्या खुणांची उभी काचनळी म्हणजे ब्युरेट. ठरलेले माप उचलून देणारी बारीक नळी म्हणजे पिपेट. आणि खाली रुंद, वर निमुळते असे शंकुपात्र. पहिल्या दोघांची ही नावे गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२४ साली रूढ केली. फ्रेंच भाषेत त्यांचे अर्थ अगदी साधे आहेत : छोटी सुरई आणि छोटी नळी. शंकुपात्र एर्लेनमायर या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० साली पुढे आणले. त्याच्या उतरत्या भिंतींमुळे ते हातात गोल फिरवले तरी आतले सांडत नाही.

या भांड्यांचे काही आचार आहेत आणि प्रत्येकामागे कारण आहे. ब्युरेट व पिपेट पाण्याने धुतल्यावर ज्या द्रावणाने भरायची, त्याच द्रावणाने विसळतात. नाहीतर आत राहिलेल्या पाण्याने द्रावण पातळ होईल. शंकुपात्र मात्र केवळ शुद्ध पाण्याने विसळायचे. द्रावणाने विसळले तर मोजून घेतलेल्या मालात न मोजलेला माल मिसळेल. पिपेटच्या टोकाशी शेवटचा थेंब उरतो, तो फुंकून काढायचा नाही. करणाऱ्याने तो हिशेबात धरलेला असतो. पिपेट तोंडाने ओढण्याची आमच्या वेळची पद्धत धोक्याची होती. आता त्यासाठी रबरी फुगा वापरावा. नळीतील द्रवाचा पृष्ठभाग वाटीसारखा खोलगट असतो; डोळा त्याच्या समपातळीत आणून वाटीच्या तळाशी आकडा वाचावा. पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणात तळ दिसत नाही, म्हणून तेथे वरची कड वाचतात. आणि आरंभापूर्वी तोटीखालच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिलेला नाही, याची खात्री करावी.

या बुडबुड्यानेच आम्हांला एक धडा दिला. काही वर्षांपूर्वी आमचे रसायनशास्त्राचे शिक्षक रजेवर असताना बारावीच्या प्रात्यक्षिकाला आम्ही जाऊन बसलो. तास संपल्यावर वह्या पाहिल्या. एका मुलाचे तिन्ही आकडे २०.० असे एकसारखे होते. एका मुलीचे १९.३, १८.४ आणि १८.५ असे होते. आम्ही मुलाची पाठ थोपटली आणि मुलीला सर्वांदेखत म्हणालो, “जरा लक्ष देऊन काम करीत जा.” ती काही बोलली नाही.

शिक्षक परत आले. त्यांनी स्वतः अनुमापन केले, तेव्हा उत्तर १८.४ आले. त्या दिवशीचे द्रावण नव्याने केलेले होते. मुलाने गतवर्षीच्या कोणाच्या तरी वहीतून आकडा उतरवला होता आणि तोटी उघडलीदेखील नव्हती. मुलीच्या वहीत १९.३ या आकड्यासमोर समासात बारीक अक्षरांत ‘परपोटो’ असे लिहिलेले होते. परपोटो म्हणजे बुडबुडा. पहिल्या खेपेला तो मध्येच निघून गेला, त्याची जागा द्रावणाने घेतली आणि आकडा फुगला. हे तिने ओळखले होते आणि चुकलेला आकडा न खोडता कारणासह ठेवला होता. समास वाचण्याची तसदी आम्ही घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहून आम्ही तिची क्षमा मागितली. मुलालाही आम्ही फार बोललो नाही, कारण सारखे आकडे म्हणजे चांगले काम, हे त्याला आमच्यासारख्यांनीच शिकवले होते.

रसायनशास्त्रात येथे दोन निराळे शब्द आहेत. पुन्हापुन्हा केलेल्या मोजणीचे आकडे एकमेकांशी जुळणे हा काटेकोरपणा. ते सत्याशी जुळणे ही अचूकता. दोन्ही हवेत, पण पहिला असला म्हणजे दुसरी आली असे होत नाही. हे समजावण्यास आपल्या बाजारात जुना शब्द आहे : पासंग. तागडीच्या एका पारड्यात मुळातच वजन अधिक असले, की ती दहा वेळा तोला, दहाही वेळा तितकीच चूक दाखवील. अशी चूक जास्त वेळा मोजून जात नाही. आधी तागडी तपासावी लागते. ब्युरेट-पिपेटवरही म्हणूनच ठरावीक तापमान छापलेले असते. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे ते २७ अंश सेल्सिअस. उष्णतेने काच आणि द्रव दोन्ही प्रसरण पावतात, हाही एक पासंगच.

आमच्या गावात औषधे होतात, खते होतात, तेल शुद्ध होते. आपल्या मुलांपैकी कितीतरी उद्या तेथील प्रयोगशाळांत उभी राहतील. त्यांनी लिहिलेल्या आकड्यावर कोणाच्या तरी घरच्या तान्ह्याचे औषध अवलंबून असेल. तेव्हा पालकांना विनंती एवढीच, की मुलाची प्रयोगवही हाती आली तर गुण पाहण्याआधी समास पाहावा. तेथे एखादा बुडबुडा प्रामाणिकपणे नोंदलेला आढळला, तर पाठ थोपटावी. आम्हांला ते एकदा जमले नाही. तागडीतला पासंग शोधताना आमच्या नजरेतला पासंग आम्हांला उशिरा सापडला.