शिखरांची मोजणी

वायु-वर्णलेखनाच्या आलेखावर जे शिखर सर्वांत उंच, त्याचे द्रव्य नमुन्यात सर्वांत अधिक, ही समजूत केवळ विद्यार्थ्यांतच नव्हे, तर प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वावरणाऱ्यांतही आढळते. वस्तुतः राशीचा खरा हिशेब शिखराखालच्या क्षेत्रफळात असतो. तीच राशी द्रव्ये वेगळी करणाऱ्या स्तंभातून जाताना अधिक पसरली की शिखर ठेंगणे आणि रुंद होते.

परंतु क्षेत्रफळ कळले म्हणजे प्रमाणही कळले, हा दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. १९५८ च्या सुमारास पुढे आलेला ज्वाला-आयनीभवन शोधक हायड्रोजनच्या ज्योतीत जळणाऱ्या सेंद्रिय कार्बनाची दखल घेतो, पाण्याची जवळजवळ घेतच नाही. आणि समान वजनाचे हेक्झेन व इथेनॉल टोचले, तर इथेनॉलचे क्षेत्रफळ हेक्झेनच्या निम्म्याहूनही कमी भरते. म्हणून प्रत्येक द्रव्याचा प्रतिसाद-गुणक ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यावरून आधी काढावा लागतो, आणि तो न काढता क्षेत्रफळाची टक्केवारी हीच वजनाची टक्केवारी म्हणून दाखल्यावर लिहिणे ही, माझ्या मते, अक्षम्य हयगय होय.

धारणकाल, म्हणजे द्रव्याला स्तंभातून बाहेर पडायला लागणारा वेळ, जुळला की द्रव्याची ओळख पटली, असेही मानतात; एकाच क्षणी दोन द्रव्ये बाहेर पडू शकतात, एवढे सांगितले तरी पुरे.

यंत्राची मोजणी निःपक्षपाती असते, या श्रद्धेविषयी मात्र सविस्तर बोलले पाहिजे. १९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन या शास्त्रज्ञांनी याच पद्धतीने बाष्पशील मेदाम्ले वेगळी केली, तेव्हा शिखरे नव्हतीच: स्तंभातून आलेले आम्ल स्वयंचलित ब्युरेट उदासीन करी आणि आलेख पायऱ्यापायऱ्यांनी चढे. पुढे शिखरे उमटू लागल्यावर कागदावरचे शिखर कात्रीने कापून तराजूत तोलण्याची रीत पडली. दमट हवेत कागदाचे वजन वाढे, म्हणून तोलणाऱ्याला सावध राहावे लागे. आज ते काम संगणक करतो, पण आलेखाचा उतार किती बदलला म्हणजे शिखर सुरू झाले समजावे, ही मर्यादा त्याला माणूसच ठरवून देतो. शेताची हद्द कायम केल्यावाचून मोजणीदाराला क्षेत्र सांगता येत नाही, तसेच आधाररेषा आखल्यावाचून शिखराचे क्षेत्रफळ निघत नाही. द्रावकाच्या मोठ्या शिखराच्या लांबलेल्या शेपटीवर एखादे चिमुकले शिखर बसलेले असते; तेथे खाली सरळ लंब टाकला, तर शेपटीचा भागही त्याच्याच खात्यात जमा होतो, आणि स्पर्शरेषा ओढली, तर क्षेत्रफळ त्याहून कितीतरी कमी निघते. छापील तक्त्यात आकडा एकच येतो. त्यामागे कोणती रेषा होती, हे त्यावरून कळत नाही.