खडकाळ वाटेवरचा विश्वास
लँड क्रूझर ते बिडदी : एका वाहनकुळाचा प्रवास आणि मालकांची साक्ष

घर खरेदीच्या खालोखाल मध्यमवर्गीय कुटुंबाचा मोठा खर्च म्हणजे वाहन. घराची किंमत काळाबरोबर बहुधा वाढते. वाहनाची मात्र शोरूमच्या दारातून बाहेर पडताक्षणी उतरू लागते. म्हणूनच वाहनकर्जाचा अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक साधा प्रश्न असतो : हप्ते फिटेपर्यंत ही गाडी साथ देईल ना? या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत मिळत नाही. ते मिळते ज्यांनी ते वाहन पाच, दहा, पंधरा वर्षे वापरले त्यांच्या अनुभवात.

डोंगर, चिखल आणि वाळवंट यांसाठी घडवलेल्या वाहनांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. शहरात गाडी बंद पडली तर खोळंबा होतो. निर्जन माळावर बंद पडली तर जिवावर बेतू शकते. अशा वाहनांमध्ये ज्या नावाभोवती विश्वासाचे वलय सर्वाधिक काळ टिकून राहिले, ते म्हणजे टोयोटाची लँड क्रूझर. तिच्या कर्त्यांचा भारतातील संसार बंगळुरूजवळ थाटला गेला आणि त्यात एका मराठी उद्योगघराण्याचा मोठा वाटा आहे. त्यामुळे ही कथा मराठी वाचकाला दूरची वाटू नये.

फुजी पर्वताची चढण

१९५० साली कोरियाचे युद्ध सुरू झाले आणि जपानमध्ये जीपसारख्या मजबूत वाहनांची मागणी वाढली. टोयोटाने जानेवारी १९५१ मध्ये ‘बीजे’ नावाचा नमुना तयार केला. त्यात मालमोटारीचे सहा सिलिंडरचे, सुमारे ३.४ लिटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन बसवले होते. राष्ट्रीय पोलीस राखीव दलाचे कंत्राट मात्र जीपलाच मिळाले.

कंपनी खचली नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये चाचणीचालक इचिरो तायरा यांनी हे वाहन फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढवून दाखवले. तोवर तेथे कोणतेही मोटारवाहन पोहोचले नव्हते. ही चढण पाहून जपानच्या पोलीस खात्याने २८९ वाहनांची मागणी नोंदवली. ‘जीप’ हे नाव अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या मालकीचे असल्याने नवे नाव शोधणे भाग होते. इंग्लंडमध्ये १९४८ पासून लँड रोव्हर मानाने मिरवत होती. तिच्या तोडीचे भारदस्त नाव म्हणून १९५४ मध्ये ‘लँड क्रूझर’ हे नाव रूढ झाले.

पुढे १९५७-५८ च्या सुमारास टोयोटाने अमेरिकेत आपली क्राउन मोटार नेली, तेव्हा तेथील महामार्गांच्या वेगापुढे ती टिकली नाही. इंजिन तापे, गाडी थरथरे. अखेर ती बाजारातून मागे घ्यावी लागली. त्या पडत्या काळात अमेरिकेत कंपनीचे नाव तगवून धरले ते लँड क्रूझरनेच. १९६० मध्ये आलेली ‘४०’ मालिका दोन दशकांहून अधिक काळ बनत राहिली. १९८४ मध्ये आलेली ‘७०’ मालिका आजही ऑस्ट्रेलियातील खाणींपासून आफ्रिकेतील मदतछावण्यांपर्यंत राबताना दिसते. २०१९ मध्ये या वाहनकुळाच्या एकूण विक्रीने एक कोटीचा टप्पा ओलांडला.

माग, नांगर आणि मोटार

टोयोटाच्या टिकाऊपणाचे मूळ मोटारीत नसून कापडाच्या मागात आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. संस्थापक घराण्यातील साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये असा स्वयंचलित माग पूर्णत्वास नेला, की त्यातील एखादा धागा तुटताच माग आपोआप थांबे. सदोष कापड विणले जाण्याआधीच चूक उघडी पडे. १९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीला एक लाख पौंडांना देण्यात आले आणि साकिची यांचे पुत्र किइचिरो मोटारनिर्मितीच्या संशोधनाकडे वळले. ‘दोष दिसताच थांबा’ हे मागाचे तत्त्व पुढे मोटारीच्या कारखान्यात आले. जुळणीच्या रांगेवरील कोणत्याही कामगाराला शंका आली, तर तो दोरी ओढून इशारा देऊ शकतो आणि दोष तेथल्या तेथे न सुटल्यास रांग थांबते.

आपल्याकडे याच काळाच्या थोडे आधी दुसरे एक घराणे लोखंडाशी झुंजत होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले आणि पुढे शेतीची अवजारे घडवायला घेतली. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिला नांगर खपायला जवळजवळ दोन वर्षे लागली. पुढे एकाच्या शेतातील अनुभव दुसऱ्याच्या कानी गेला आणि नांगराला मागणी आली. औंधच्या राजांनी दिलेल्या जागेवर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्करचा यंत्रकारखाना निघाला आणि या घराण्याची एक शाखा म्हैसूर संस्थानाच्या भूमीत रुजली.

या दोन परंपरांची गाठ बंगळुरूत पडली, तीही आधी मोटारीमुळे नव्हे. १९९५ मध्ये टोयोटा समूहाबरोबर सुरू झालेली किर्लोस्करांची पहिली भागीदारी कापडयंत्रांची होती. लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर कंपनी स्थापन झाली. बंगळुरूहून म्हैसूरकडे जाताना लागणाऱ्या बिडदी येथे ४३२ एकरांवर तिचा कारखाना उभा राहिला. २००७ मध्ये तेथेच तंत्रप्रशिक्षण संस्था सुरू झाली. दहावी उत्तीर्ण झालेल्या ग्रामीण भागातील मुलांना तेथे कारागिरीचे शिक्षण मिळू लागले. विक्रम किर्लोस्कर यांचे नोव्हेंबर २०२२ मध्ये बंगळुरू येथे निधन झाले.

क्वालिसपासून फॉर्च्युनरपर्यंत

२००० च्या आरंभी बिडदीतून क्वालिस बाहेर पडली. दिसायला ती जुनाट होती आणि जाणकारांनी नाकेही मुरडली. परंतु बंगळुरूच्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे कर्मचारी रात्रंदिवस ने-आण करणाऱ्या टॅक्सीचालकांनी तिला उचलून धरले. ज्याचा हप्ता गाडीच्या रोजच्या फेऱ्यांवर अवलंबून असतो, त्याच्यासारखा कठोर परीक्षक दुसरा नाही. गाडी गॅरेजात उभी राहिली, तरी हप्त्याची तारीख थांबत नाही. २००५ मध्ये क्वालिसची जागा इनोव्हाने घेतली.

ऑगस्ट २००९ मध्ये फॉर्च्युनर आली. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. फॉर्च्युनर ही लँड क्रूझरची धाकटी आवृत्ती नव्हे. हायलक्स हे मालवाहू वाहन, इनोव्हा आणि फॉर्च्युनर यांची बांधणी एकाच कुळातील शिडीसारख्या पोलादी चॅसिसवर झालेली आहे. लँड क्रूझर परदेशातून येते आणि तिची किंमत सामान्य ग्राहकाच्या आवाक्यापलीकडची असते. तरीही दणकट चॅसिस, चारही चाकांना शक्ती पुरवण्याची सोय आणि दुरुस्तीस सुलभ रचना हा वारसा दोघींत समान आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये फॉर्च्युनरची दुसरी पिढी आली. त्याच वर्षापासून बंगळुरूजवळच्या जिगणी येथे, पूर्वीच्या त्याच कापडयंत्र कंपनीच्या आवारात, या वाहनांची डिझेल इंजिने बनू लागली.

मालकांची साक्ष कशी वाचावी?

वाहनमालकांचा अनुभव शास्त्रशुद्ध रीतीने गोळा करण्याचे काम अमेरिकेत अनेक वर्षे चालू आहे. जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षे जुन्या वाहनांच्या मूळ मालकांना विचारते, की गेल्या बारा महिन्यांत कोणत्या अडचणी आल्या? उत्तरांवरून दर शंभर वाहनांमागे किती तक्रारी, हा आकडा काढला जातो. २०२१ च्या पाहणीत सरासरी १२१ होती. टोयोटाच्याच लेक्ससचा आकडा ८१, टोयोटाचा ९८, तर लँड रोव्हरचा २४४ होता. डोंगर चढण्याची क्षमता आणि रोजची भरवशाची साथ हे दोन वेगळे गुण आहेत, हे या तुलनेतून स्पष्ट होते. लँड रोव्हरच्या चढाईबद्दल क्वचितच कोणी शंका घेईल.

मात्र असे आकडे वाचताना तारतम्य हवे. या पद्धतीत पडद्यावरील नकाशा अडखळणे ही एक तक्रार आणि गिअरबॉक्स निकामी होणे हीसुद्धा एकच तक्रार. पहिलीने मनस्ताप होतो, दुसरीने बचत संपते. त्यामुळे एकूण आकड्याबरोबर तक्रारी कोणत्या भागाच्या आहेत, हे पाहणे अगत्याचे ठरते. शिवाय ही साक्ष तीन वर्षांच्या वाहनांची आहे. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. अमेरिकेतील रस्ते, इंधन आणि देखभालही आपल्यासारखी नसते.

ख्यातीलाही डाग लागतो

टोयोटाचा लौकिक निष्कलंक आहे, असेही नाही. २००९-१० मध्ये पायाखालची चटई ॲक्सिलरेटरमध्ये अडकणे आणि पेडल चिकटणे या कारणांसाठी कंपनीला जगभरातून लक्षावधी वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली. कंपनीचे अध्यक्ष अकिओ टोयोडा यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे क्षमा मागितली. ग्राहकांपासून माहिती दडवल्याबद्दल २०१४ मध्ये अमेरिकेत १२० कोटी डॉलरचा दंडही भरावा लागला.

ऑस्ट्रेलियात हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनर यांच्या मालकांनी धुराच्या गाळणीबद्दल सामूहिक दावा लावला. ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० या काळात विकल्या गेलेल्या अडीच लाखांहून अधिक वाहनांचा त्यात समावेश होता. २०२२ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने या वाहनांत दोष असल्याचे मान्य केले. जानेवारी २०२४ मध्ये टोयोटा समूहातील इंजिननिर्मात्या कंपनीच्या काही डिझेल इंजिनांच्या प्रमाणन चाचण्यांत अनियमितता उघड झाली. तेव्हा भारतातही फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टा आणि हायलक्स यांची रवानगी काही दिवस थांबवण्यात आली होती. तुटलेल्या धाग्याला माग थांबवायला शिकवणाऱ्या घराण्यातच ही चूक घडावी, हे विसरता येण्यासारखे नाही. नाव कितीही मोठे असो, ग्राहकाने डोळे उघडे ठेवलेच पाहिजेत.

धुराच्या गाळणीचा विषय बंगळुरू, पुणे, मुंबई येथील वाहनधारकांनाही शिकवण देतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांमुळे नव्या डिझेल वाहनांत अशी गाळणी असते. तिच्यात साठलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगाने धावावी लागते. जे वाहन केवळ सिल्क बोर्डच्या कोंडीत रखडत राहते, त्याची गाळणी तुंबण्याचा संभव अधिक. ज्याची रोजची धाव शहरातल्या शहरात चार-पाच किलोमीटरची आहे, त्याने अवजड डिझेल वाहन घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

ग्राहकाने काय पाहावे?

वाहनाची हमी साधारणतः तीन वर्षांची असते. कर्ज पाच ते सात वर्षांचे. हमी संपल्यानंतर आणि कर्ज फिटण्यापूर्वीची ही मधली वर्षे सर्वांत नाजूक. त्या काळात मोठा बिघाड झाला, तर दुरुस्ती आणि हप्ता असा दुहेरी भार एकाच उत्पन्नावर पडतो. वाहनाची निवड करताना याच वर्षांचा हिशेब आधी मांडावा.

त्यासाठी काही गोष्टी हाताशी आहेत. पसंतीचे वाहन पाच वर्षांहून अधिक काळ वापरणाऱ्या निदान तीन-चार मालकांशी बोलावे. गाडी किती धावली, कोठे धावली आणि खर्चाची मोठी पावती कशाची होती, हे तीन प्रश्न पुरेसे होतात. अधिकृत सेवा केंद्राबरोबरच बाहेरच्या अनुभवी मेकॅनिकचेही मत घ्यावे. हमी वाढवून घेण्याचा खर्च कर्ज काढण्यापूर्वीच अंदाजपत्रकात धरावा.

जुन्या वाहनांच्या बाजारातील किंमतही तपासावी. विम्याच्या कोष्टकात चार ते पाच वर्षे वयाच्या कोणत्याही वाहनाची घट सरसकट ५० टक्के धरली जाते. बाजार मात्र सर्वांना एकाच मापाने मोजत नाही. फॉर्च्युनर आणि इनोव्हा यांना जुन्या बाजारात जो चढा भाव मिळतो, तो असंख्य मालकांच्या अनुभवाचा एकत्रित निष्कर्ष आहे. उलटपक्षी, त्याच कारणाने अशी जुनी गाडी विकत घेणाऱ्याला नावाचीही किंमत मोजावी लागते. तेव्हा सेवेच्या नोंदींची वही पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

बेळगावच्या शेतकऱ्याने लोखंडी नांगर पारखून घेतला होता, तो कोणाच्या शब्दावर नव्हे. शेजाऱ्याच्या शेतातील सरी पाहून. सव्वाशे वर्षांनंतर यंत्रे बदलली, किमती लाखांत गेल्या आणि कर्जाची सोय घराजवळच्या शाखेत झाली. पारख करण्याची ती रीत मात्र आजही तितकीच उपयोगी आहे. हप्त्याच्या कागदांवर सही करण्यापूर्वी एखाद्या जुन्या मालकाशी घालवलेला अर्धा तास पुढील सात वर्षे उपयोगी पडेल.