गोंडस चित्रांआडचा रक्तपात

आजी-आजोबांनो, ससा, खार, अस्वल अशी गोंडस पात्रे दिसली म्हणून चित्रफीत मुलांसाठीच असेल, असे मानू नये. १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘हॅपी ट्री फ्रेंड्स’ या मालिकेत हसतखेळत सुरू झालेली गोष्ट पाहता पाहता भीषण रक्तपातावर येते. मेलेली पात्रे पुढच्या भागात पुन्हा हजर! प्रौढांना त्यातील काळा विनोद उमगतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला मात्र खरे-खोटे पुरते वेगळे करता येत नाही. ते झोपेत दचकते, एकटे राहण्यास घाबरते. म्हणून मोबाइल देण्यापूर्वी भाग स्वतः शेवटपर्यंत पाहावा. नातवंडाने तो पाहिलाच असेल, तर रागावू नये; जवळ घेऊन ‘काय पाहिलेस?’ असे विचारावे. भीती काही आठवडे टिकल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.