"कॉम्प्युटरच तसं काढतो" म्हणजे नेमकं कोण काढतं? डेटाबेसच्या पोटातलं फंक्शन असं शोधतात

समजा, कवठे महांकाळमधल्या एका बागायतदारानं २० मार्चला बेदाणा कोल्ड स्टोरेजला लावला. बिल आलं तेव्हा भाडं अख्ख्या मार्चचं. बारा दिवसांसाठी पूर्ण महिना कसा, असं विचारल्यावर उत्तर मिळतं, "कॉम्प्युटरच तसं काढतो."

पण कॉम्प्युटर मनानं काहीच काढत नाही. अर्धवट महिना पूर्ण धरायचा, हा नियम कधीतरी कुणीतरी लिहिलेला असतो. तो लिहिणारा प्रोग्रॅमर नोकरी सोडून गेला असेल, तर नियम शोधायचा कुठे?

बऱ्याचदा तो डेटाबेसच्या आतच असतो. डेटाबेस म्हणजे फक्त शेतकऱ्यांची नावं आणि पेट्यांचे आकडे साठवायची जागा नव्हे. हिशोबाची रीतसुद्धा त्यात साठवता येते. तिला 'स्टोअर्ड फंक्शन' म्हणतात. फायदा असा, की काउंटरवरचा कॉम्प्युटर असो की मोबाईल अ‍ॅप, दोघेही एकाच फंक्शनला विचारतात आणि दोघांना एकच उत्तर मिळतं. तोटा असा, की ते स्क्रीनवर कुठेच दिसत नाही.

मग ते सापडतं कसं? यामागे एक जुनी आणि भारी कल्पना आहे. टेबलांमध्ये माहिती ठेवायची ही पद्धत आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. १९८५ मध्ये त्यांनी खऱ्या रिलेशनल डेटाबेसचे नियम सांगितले. त्यातला चौथा नियम म्हणतो, की डेटाबेसनं स्वतःबद्दलची माहितीही टेबलांमध्येच ठेवावी. म्हणजे शेतकऱ्यांची यादी ज्या एसक्यूएल भाषेत मागता, त्याच भाषेत फंक्शन्सची यादीही मागता येते. या आतल्या टेबलांना 'सिस्टिम कॅटलॉग' म्हणतात.

प्रत्येक डेटाबेसमध्ये या कॅटलॉगचं नाव वेगळं. पोस्टग्रेसमध्ये 'पीजी प्रॉक' नावाचं टेबल आहे. त्यात प्रत्येक फंक्शनची एक ओळ, आणि त्या ओळीतच त्याचा मजकूर. ओरॅकलमध्ये 'ऑल सोर्स' आहे. तिथे कोडची प्रत्येक ओळ वेगळी नोंद म्हणून मिळते. मायएसक्यूएलमध्ये 'इन्फर्मेशन स्कीमा'मधलं 'रूटीन्स', तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'सिस डॉट एसक्यूएल मॉड्यूल्स'.

फंक्शनचं नाव माहीत नसलं तरी अडत नाही. भाड्याचे दर ज्या टेबलात आहेत, त्या टेबलाचं नाव कॅटलॉगमधल्या मजकुरात शोधायचं. ते नाव वापरणारी फंक्शन्स समोर येतात.

शोधताना तीन ठिकाणी फसगत होते.

पहिली, नावात. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये वेगवेगळ्या स्कीमात एकाच नावाची दोन फंक्शन्स असू शकतात. पोस्टग्रेसमध्ये तर एकाच स्कीमातही चालतात, फक्त त्यांना द्यायच्या माहितीचे प्रकार वेगळे हवेत. पहिलं दिसलं तेच खरं, असं मानू नका. ओरॅकलमध्ये नावं सहसा कॅपिटल अक्षरांत साठवलेली असतात, त्यामुळे स्मॉलमध्ये शोधलं तर हाती काहीच लागत नाही.

दुसरी, परवानगीत. मायएसक्यूएलमध्ये पुरेसे अधिकार नसतील तर मजकुराची जागा रिकामी दिसते. पोस्टग्रेसमध्ये उलट आहे. त्या डेटाबेसला जोडलेला कुठलाही वापरकर्ता सहसा मजकूर वाचू शकतो. म्हणून फंक्शनच्या आत पासवर्ड लिहून ठेवणं धोक्याचं.

तिसरी सगळ्यात महागात पडणारी. कॅटलॉग फक्त आजचं फंक्शन दाखवतो. सातबाऱ्यावर जुनं नाव कंसात जातं, शेजारी फेरफार क्रमांक लागतो, म्हणून बदल कशानं झाला ते वर्षांनंतरही कळतं. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये फंक्शन बदललं की जुना मजकूर कॅटलॉगमधून जातो. गेल्या वर्षी भाड्याचा नियम काय होता, हे तिथे विचारून कळत नाही.

त्यावर उपाय आहे. प्रत्येक फंक्शनचा मजकूर गिटसारख्या ठिकाणी तारखेसह जपायचा, आणि बदल का केला ते सोबत लिहायचं. तसं केलेलं असेल, तर बिलावर शंका घेणाऱ्याला नियम कोणता आणि कधीपासूनचा, हे कागदावर दाखवता येतं.